उजव्या डोळ्याला एक पद्धत, डाव्याला दुसरी: हे बरोबर आहे का?

पत्र

डॉक्टर, माझी आई ७४ वर्षांची आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा ‘अजून पिकायचाय’ म्हणत आम्ही फार दिवस तसाच ठेवला. आता त्या डोळ्याला फक्त उजेड आणि समोर हललेला हात कळतो. डाव्या डोळ्याने ती अजून वाचते, पण संध्याकाळी अडखळते. पहिले डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचं फेको करू, म्हणजे मशीनने, लहान छेदातून. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, डावा फेकोने करू, पण उजवा मोतीबिंदू तपकिरी आणि दगडासारखा कडक झालाय, तो हाताने, थोडा मोठा छेद घेऊन काढलेला बरा. तेव्हापासून घरात वाद आहे. धाकटा भाऊ म्हणतो, ही जुनी पद्धत झाली, ज्यांना मशीन परवडत नाही त्यांच्यासाठीची. आईच्या बाबतीत तडजोड नको. मेहुणे म्हणतात, सरळ लेझरने करा. आईला कमी ऐकू येतं, आणि डोळ्याजवळ इंजेक्शन देणार हे कळल्यापासून ती गप्प गप्प असते. मला रात्र रात्र झोप लागत नाही. खरंच चांगली पद्धत कुठली?

— एक मुलगी

उत्तर

ताई, दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलेली पद्धत ही तडजोड नाही. आधी ही शंका मनातून काढा, म्हणजे बाकीचं शांतपणे बोलता येईल.

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग एखाद्या फळासारखं असतं. बाहेर पातळ, पारदर्शक साल, आत मऊ गर आणि मधोमध घट्ट गाभा. सालीला आम्ही पिशवी म्हणतो. मागच्या बाजूला तिची जाडी जेमतेम ३-४ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ. वय वाढतं तसा गर गढूळ होतो आणि गाभा पिवळा, मग तपकिरी, मग कधी कधी जवळजवळ काळा आणि टणक होतो. आज तुमच्यासमोर ठेवलेल्या सगळ्या पद्धतींमध्ये शस्त्रक्रियेचा मोठा भाग सारखाच असतो. पिशवीला समोरून गोल खिडकी करायची, आतला गाभा आणि गर काढायचा, मागची साल शाबूत ठेवायची आणि त्या रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचं. फरक एवढाच, की गाभा डोळ्याबाहेर आणायचा कसा: आतल्या आत चुरा करून, की अख्खा. तुमच्या घरातला सगळा वाद या एका पायरीचा आहे.

फेकोमध्ये पारदर्शक बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या काचेसारख्या आवरणाच्या, कडेला साधारण २.२ ते २.८ मिलिमीटरचा छेद घेतात. त्यातून एक पोकळ सुई आत जाते. तिचं टोक श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) लहरींमुळे सेकंदाला हजारो वेळा, अनेक यंत्रांत ४० हजारांच्या आसपास, थरथरतं. गाभ्याचे तुकडे होतात आणि त्याच सुईतून ते ओढून घेतले जातात. नंतर गुंडाळलेलं भिंग त्याच छोट्या छेदातून आत सरकवतात, ते आत गेल्यावर उलगडतं. छेद इतका लहान असल्याने बुबुळाचा गोलावा फारसा बदलत नाही, त्यामुळे चष्म्याचा सिलिंडरचा नंबर (बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्याने लागणारा) जवळपास वाढत नाही. डोळा लवकर शांत होतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पाहिलं तर शस्त्रक्रिया झाली हे सांगावं लागतं.

मग हे सगळ्यांना का नाही करायचं?

कारण त्या थरथरीलाही किंमत मोजावी लागते. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. बुबुळात झिरपणारं पाणी सतत बाहेर उपसत राहून त्याला काचेसारखं स्वच्छ ठेवणं हे त्या थराचं काम. ज्येष्ठ माणसात दर चौरस मिलिमीटरला या पेशी साधारण अडीच हजार असतात, आणि गेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही. शेजारच्या पेशी पसरून जागा भरून काढतात, पण संख्या फार खाली आली, सुमारे पाचशेच्या खाली, की बुबुळ सुजून कायमचं धुरकट होऊ शकतं. मऊ मोतीबिंदू फोडायला यंत्राची थोडीच ऊर्जा लागते, पेशींना धक्काही थोडाच बसतो. दगडासारखा गाभा फोडायला मात्र खूप वेळ आणि खूप ऊर्जा लागते. उष्णता निर्माण होते, टोकदार तुकडे आत फिरतात. जोर वाढला की मागची नाजूक साल फाटण्याची भीतीही वाढते. साल फाटली की गाभ्याचा तुकडा डोळ्याच्या मागच्या भागात पडू शकतो, आणि मग तो काढायला दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी नवी होते तेव्हा अशाच एका तपकिरी मोतीबिंदूसाठी फेकोचा हट्ट धरला होता. शस्त्रक्रिया पार पडली, साल फाटली नाही, भिंग जागेवर बसलं. पण बुबुळ इतकं सुजलं की त्या आजींना स्वच्छ दिसायला कित्येक आठवडे लागले. रोज सकाळी त्या विचारायच्या, “आज दिसेल का?” त्यांचं बुबुळ शेवटी साफ झालं, पण ते प्रश्न मी विसरलेले नाही. त्या डोळ्यासाठी मी हाताची पद्धत निवडायला हवी होती.

आता ती हाताची पद्धत. हिला ‘एसआयसीएस’ म्हणतात, म्हणजे लहान छेदाची, हाताने केलेली शस्त्रक्रिया. यात डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बुबुळाकडे जाणारा साधारण ६ ते ७ मिलिमीटर रुंदीचा एक तिरका बोगदा करतात. गाभा पिशवीतून अलगद वर आणून त्या बोगद्यातून अख्खाच बाहेर घेतात. बोगदा तिरका असल्याने डोळ्याच्या आतल्या दाबानेच तो मिटतो. टाका सहसा लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ‘बिनटाक्याची’ म्हणजे फक्त फेको असा समज फार पसरलेला आहे. दोन्ही पद्धती बिनटाक्याच्या आहेत. डोळ्याच्या आत गाभा फोडावाच लागत नाही, त्यामुळे तो किती कडक आहे याने इथे फारसं अडत नाही. तुमच्या आईच्या उजव्या डोळ्यासाठी हेच महत्त्वाचं आहे.

‘जुनी पद्धत’ हे तुमच्या भावाचं म्हणणं मला समजतं, आईविषयीच्या काळजीतून ते आलंय. पण काळाचा क्रम त्याला जरूर सांगा. फेको चार्ल्स केलमन या अमेरिकन नेत्रशल्यचिकित्सकांनी १९६७ साली आणलं. दाताच्या दवाखान्यात दात साफ करणारं श्राव्यातीत लहरींचं उपकरण पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. हाताची बिनटाक्याची पद्धत आज जशी करतात तशी आकाराला आली ती त्यानंतर, १९८०-९० च्या दशकांत. आपोआप मिटणारा बोगदा कसा करायचा हे ज्ञान तर बरंचसं फेको करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्याच हातून आलं. म्हणजे ही फेकोची आजी नाही, धाकटी बहीण आहे. खरी जुनी पद्धत वेगळी: १० ते १२ मिलिमीटरचा छेद, त्यावर ओळीने टाके, आणि त्या टाक्यांनी ओढलेलं बुबुळ. त्याहीआधी तर पिशवीसकट सगळं भिंग काढून टाकत आणि माणूस आयुष्यभर जाड काचांचा चष्मा लावत असे. तुमच्या आजी-आजोबांच्या पिढीत तो चष्मा तुम्ही पाहिला असेल. भावाच्या मनात बहुधा तेच चित्र आहे. दुसऱ्या डॉक्टर त्यातलं काहीच सुचवत नाहीत.

दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून अभ्यास झालेले आहेत. पुण्यात ४०० डोळ्यांवर झालेली एक तुलना २००५ साली प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याने ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोच्या गटात सुमारे ८१ टक्के होते, हाताच्या पद्धतीच्या गटात सुमारे ७१. चष्मा लावल्यावर मात्र दोन्हीकडे ९८ टक्क्यांच्या वर. (६/१८ म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जे १८ मीटरवरून वाचता येतं ते ६ मीटरवरून वाचणं.) मधला दहा टक्क्यांचा फरक मुख्यतः सिलिंडरच्या नंबरचा. मोठ्या बोगद्याने बुबुळाचा गोलावा थोडा बदलतो, आणि चष्म्याने ती उणीव भरून निघते. नेपाळमधली १०८ रुग्णांवरची तुलना २००७ साली आली. तिथे सहा महिन्यांनी बिनचष्म्याने तेवढं दिसणारे हाताच्या पद्धतीत ८९ टक्के आणि फेकोत ८५, म्हणजे फरक उरलाच नाही. चष्म्यासह दोन्हीकडे ९८. आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी बुबुळाची सूज फेकोच्या गटात जास्त होती. दोन्ही गटांवर शस्त्रक्रिया करणारे त्या त्या पद्धतीत मुरलेले होते, हेही लक्षात ठेवा. आकड्यांमागे हात कुणाचे होते यावर खूप काही अवलंबून असतं.

तेव्हा ताई, ‘चांगली पद्धत कुठली’ याचं मी दोन डोळ्यांसाठी दोन उत्तरं देते. डाव्या डोळ्यासाठी फेको, त्यात मला काही शंका नाही. दोन्ही डॉक्टरांचंही तिथे एकमत आहे. उजव्या डोळ्यासाठी, तुम्ही केलेल्या वर्णनावरून, मी स्वतः हाताची पद्धत निवडेन. पहिल्या डॉक्टरांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. कडक मोतीबिंदू फेकोने सुंदर काढणारे शल्यचिकित्सक आहेत. गाभ्याचे आधी यांत्रिक तुकडे करून ऊर्जा कमी वापरायच्या युक्त्या त्यांच्या हातात बसलेल्या असतात. ते तसे आहेत का, हे त्यांनाच विचारायला हवं. इतक्या कडक मोतीबिंदूंवर तुम्ही नेहमी फेको करता का? बुबुळाच्या पेशी मोजल्यात का, किती भरल्या? अर्ध्यात अडचण आली तर काय कराल? या शेवटच्या प्रश्नावर चांगला डॉक्टर सहज म्हणेल, “मग छेद वाढवून हाताने काढेन.” ते ऐकून घाबरू नका. फेको सुरू करून मध्येच हाताच्या पद्धतीवर येणं हे शहाणपण आहे. ही शक्यता संमतिपत्रावर सही करण्याआधी बोलून ठेवलेली बरी, म्हणजे नंतर घरात ‘ऑपरेशन बिघडलं’ अशी हाकाटी होत नाही.

आता लेझर. मेहुण्यांना वाटतं तसं ‘चाकूच नको’ असं काही नसतं. बरेच लोक फेकोलाच लेझर समजतात, पण फेकोत लेझर कुठेच नसतो. खरी लेझरची पद्धत आहे, फेम्टोसेकंद लेझर. माणसांवर तिचा पहिला वापर २००८ साली झाला. त्यात छेद, पिशवीची गोल खिडकी आणि गाभ्याच्या चिरा लेझर पाडतो. मग डॉक्टर फेकोचीच सुई आत घालून गाभा ओढून घेतात. खिडकी अगदी काटेकोर गोल होते, हे खरं. पण फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन तुलना झाल्या, तेव्हा नजरेत किंवा सुरक्षिततेत साध्या फेकोहून ती सरस ठरली नाही. शिवाय लेझरला गाभ्यात शिरायला वाट लागते, आणि पूर्ण गढूळ भिंगात ती नीट मिळत नाही. म्हणजे जिथे मेहुण्यांना लेझर हवा आहे, तिथेच त्याचा उपयोग सगळ्यात कमी.

लेझर आईच्या वाट्याला येईल तो कदाचित नंतर. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागे ठेवलेली साल धुरकट होऊ शकते, मग ती कुठल्याही पद्धतीने केलेली असो. लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. याग लेझरने त्या सालीत मध्यभागी छोटं भोक पाडतात. काही मिनिटांचं काम, छेद नाही.

इंजेक्शनविषयी आईशी जरा वेळ काढून बोला. फेको पुष्कळदा नुसत्या थेंबांच्या भुलीवर होतं. मात्र मग रुग्णाने डोळा स्थिर ठेवून डॉक्टर सांगतील तिकडे बघावं लागतं. तुमच्या आईला कमी ऐकू येतं. चेहऱ्यावर कापड, कानावर पट्टी, आणि आतून काही सूचना कळेनात, अशा वेळी माणूस दचकतो, डोळा हलतो. तिच्यासाठी डोळ्याभोवतीची भूल जास्त सुरक्षित आहे, फेको करायचं ठरलं तरीसुद्धा. बोथट नळीने डोळ्याच्या पांढऱ्या भागावर भूल सोडण्याचीही एक पद्धत आहे, तिच्यात टोकदार सुई आत जात नाही. ती करतात का, विचारून पाहा. इंजेक्शनच असेल तर तिला खरं सांगा: काही सेकंद दडपण येतं, मग डोळा जड होतो आणि नंतर दुखत नाही. ‘काहीच कळणार नाही’ असं म्हणू नका. वृद्ध माणसांना खोटं आश्वासन लगेच ओळखू येतं, आणि मग ती पुढच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. ऐकण्याचं यंत्र असेल तर ते कधी काढायचं हे आधी ठरवा, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी कुणीतरी तिचा हात धरून ठेवेल का, तेही विचारा. हात दाबला की ‘खोकला येतोय’, एवढी खूण ठरली तरी मोठा आधार वाटतो.

तपासण्यांमध्ये एक गोष्ट विसरू नका. उजव्या डोळ्यातून मागचा पडदा (दृष्टिपटल) दिसतच नसेल, त्यामुळे सोनोग्राफीने तो जागेवर आहे ना हे पाहून घ्यावं लागतं. मोतीबिंदू कितीही छान काढला तरी पडदा किंवा दृष्टिचेतातंतू आधीच खराब असेल तर नजर तेवढी येत नाही. मधुमेह, काचबिंदू, जुना मार, हे सगळं डॉक्टरांना सांगा. औषधांची यादी सोबत न्या. लघवीच्या त्रासासाठी किंवा मूतखड्यासाठी दिलं जाणारं टॅम्सुलोसिन तिने कधी घेतलं असेल तर तेही सांगा. या गोळ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली आकसते आणि बाहुलीभोवतालचा रंगीत पडदा ढिला होऊन हलतो. आधी कळलं तर डॉक्टर तयारीने उतरतात. मनाने गोळी बंद मात्र करू नका, कारण बंद करूनही हा परिणाम टिकू शकतो.

भिंगाच्या प्रकारांवर फार वेळ घालवू नका. उजव्या डोळ्यासाठी साधं, एका अंतराचं भिंग पुरे. हाताच्या पद्धतीत ते न दुमडणारं असलं तरी बिघडत नाही. हॅरॉल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रशल्यचिकित्सकांनी १९४९ साली पहिलं कृत्रिम भिंग बसवलं ते याच जातीच्या प्लॅस्टिकचं होतं, आणि हे प्लॅस्टिक डोळ्यात दशकानुदशकं शांत राहतं हे तेव्हापासून सिद्ध झालंय. डाव्या डोळ्याच्या वेळी दुमडणाऱ्या भिंगांचे पर्याय शांतपणे बघता येतील.

दुसऱ्या दिवशीचं चित्र आधीच मनाशी धरून ठेवा. हाताच्या पद्धतीनंतर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाली, कधी रक्ताचा डागही असतो. दोन-तीन आठवड्यांत तो विरतो. कुणी म्हणेल, आमच्या अमक्याचा डोळा तर दुसऱ्याच दिवशी पांढरा शुभ्र होता. म्हणू दे. थेंब साधारण चार ते सहा आठवडे चालतात, डोळा चोळायचा नाही, आणि चष्म्याचा नंबर डोळा स्थिरावल्यावरच काढायचा. हाताच्या पद्धतीनंतर त्याला सहा आठवडे, कधी थोडे जास्तही लागतात. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, त्याच तासाला डॉक्टरांना गाठा. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणं दुर्मीळ आहे, हजारात एकाहूनही कमी वेळा होतं, पण त्यात तासातासाने नजर जाते. हा धोका दोन्ही पद्धतींत असतो.

आणि ‘पिकणे’ हा शब्द आता घरातून हद्दपार करा. यात तुमचा दोष नाही. एके काळी डॉक्टरच पिकू द्यायला सांगत, कारण त्या काळच्या पद्धतींना पिकलेला मोतीबिंदू सोपा जायचा. आपल्या भाषेत तो सल्ला राहून गेला, शस्त्रक्रिया मात्र बदलली. आज वाचताना, चालताना, जिना उतरताना अडू लागलं की तीच योग्य वेळ. आई संध्याकाळी अडखळते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे डाव्या डोळ्याची वेळ आलेलीच आहे. आत्ता त्याचा गाभा मऊ आहे, फेकोला थोडीच ऊर्जा लागेल. उजव्यासारखी वाट पाहिली तर दोन वर्षांनी तुम्ही मला हेच पत्र डाव्या डोळ्याविषयी लिहाल.

उजवा डोळा आधी करून घ्या. त्याच भेटीत डाव्या डोळ्याची मोजमापं कधी करायची, हेही विचारून ठेवा, आणि डॉक्टर सांगतील तो दिवस तिथेच वहीत लिहून घ्या.